लॉकिंग व्हील नटची चावीच नाही, बेळगाव भागात काय करता येईल?

वडगावकर

मंडळी, एका नटानं मला जेरीला आणलंय.

कोल्हापूरहून सेकंडहँड हॅचबॅक घेतली. एनओसी, इकडचा रोड टॅक्स, केए-२२ नंबर, सगळे सोपस्कार उरकून गाडी दारात आली. आता मागच्या डाव्या चाकाची हवा हळूहळू उतरतेय. पंक्चरवाल्याकडे नेली. त्यानं तीन नट खोलले, चौथ्याला पाना लावायला गेला आणि थांबला. हा नट बाहेरून गोल आहे, पाना धरेल असे कोन नाहीतच. तोंडाशी पाकळ्यांसारखी वळणावळणाची खाच. चारही चाकांना असा एकेक. "आगंगिल्ल री" (जमणार नाही हो) म्हणत त्यानं खोललेले तिन्ही नट परत आवळले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आधीच्या मालकांना फोन केला तर म्हणाले, "चावी? दोन्ही दिल्या की गाडीबरोबर!" अलॉय (ॲल्युमिनियमची चाकं) त्यांच्याही आधीच्या मालकानं बसवून घेतलेले. त्यामुळे चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून असे खास चावीचे नट असतात हेच त्यांना ठाऊक नाही.

चतुर्थीला आंबोलीमार्गे सावंतवाडीला जायचंय. घाटात पावसात टायर बसला तर स्टेपनी असून नसल्यासारखी. अलॉय चांगले आहेत, शक्यतो ओरखडे नकोत. कुणी हे केलंय का? कुठं करून मिळेल?

गोकाककरीण

तोडफोड करायच्या आधी नीट शोधा हो. ही चावी म्हणजे अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. एका तोंडाला नटाच्या खाचेत बसणारा उंचवटा, दुसऱ्या तोंडाला नेहमीचा षटकोन. माहीत नसणाऱ्याला भंगारच वाटतं. स्टेपनीखाली बघा, जॅकच्या पिशवीत, टूलकिटच्या थर्माकोलमध्ये, मॅन्युअलच्या पाकिटात, सीटखाली, डिक्कीच्या बाजूच्या कप्प्यात. आमच्या गाडीत स्टेपनी धरून ठेवणाऱ्या मधल्या स्क्रूच्या खाली निघाली होती.

आणि शेवटचं अलाइनमेंट कुठं झालं ते विचारा. टायरवाले चावी पान्यातच अडकवून ठेवतात, गाडी निघून जाते, मग ती त्यांच्या डब्यात पडून राहते. जुनं बिल असेल तर दुकानाचा नंबर मिळेल.

स्टेपनी_शास्त्री

वरच्या प्रतिसादाला +१.

त्यात भर म्हणजे, बऱ्या कंपनीच्या सेटबरोबर एक छोटं कार्ड येतं, त्यावर त्या नमुन्याचा कोड असतो. काहींच्या चावीवरही कोरलेला असतो. कोड हाती असेल तर नुसती चावी मागवता येते. बिनकंपनीच्या सेटला हे काही नसतं, पण त्यांचे नमुनेही मोजकेच असतात. ॲक्सेसरीच्या दुकानात तसाच नवा सेट मिळाला आणि त्यातली चावी बसली, असंही होतं. नटाचा समोरून फोटो काढून दुकानात दाखवा, गाडी फिरवत बसू नका.

वडगावकर

सगळी गाडी उलथीपालथी केली. स्टेपनीखाली ज्योतिबाच्या गुलालाची पुडी आणि कोगनोळी नाक्याच्या पावत्या निघाल्या. चावी नाही, कार्ड नाही. फोटो खाली देतोय.

निपाणीचा_पैलवान

भावा, एवढं काय घाबरतोस. बारा कोनी गोटी (पान्याचं सॉकेट) घे, नटाच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान. दोन किलोच्या हातोड्यानं ठोकून बसव. कोन नटात रुततात. मग लांब पाईप घालून उलटी पिळ. कटकन आवाज आला की सुटला म्हणून समज. गोटी चांगली घेऊ नको, स्वस्तातली घे, कारण नट आतच अडकून बसतो आणि दोन्ही भंगारात जातात. तवंदी घाटाच्या पायथ्याला एका ट्रकवाल्यानं माझ्यादेखत असंच काढलं, चहा गार व्हायच्या आत.

वडगावकर

पैलवान, बारा कोनीच का? माझ्याकडे सहा कोनी पडून आहेत.

निपाणीचा_पैलवान

सहा कोनीत गोल नट सहाच ठिकाणी धरला जातो आणि त्यात तो बसायला लई जोर लागतो. बारा कोनीत धार जास्त ठिकाणी रुतते. करून बघ, फरक हाताला कळतो.

उद्यमबाग_लेथ

पैलवानांचा उपाय खरा आहे, खरं सगळ्या नटांना लागू नाही. वडगावकर, हातोडा उचलायच्या आधी एक करा. नटाचा बाहेरचा गोल भाग पक्कडीत धरून फिरवा. फिरतोय का, तेवढं सांगा. पुढचं सगळं त्यावर आहे.

लॉकिंग नट मोटामोटी दोन जातींचे. पहिल्यात सगळा नट एकसंध असतो. त्याला गोटी ठोकून बसवली की नट धरला जातो. दुसऱ्यात नटाच्या अंगावर एक सुटी कडी चढवलेली असते, ती जागच्या जागी गरगर फिरते. अशा नटावर कितीही घट्ट गोटी ठोका, कडी गोटीसकट फिरणार आणि आतला नट ढिम्म. चोर गोटी ठोकतो हे बनवणाऱ्यांनाही माहीत आहे, म्हणून तर ती कडी घातली.

फोटोत कडेला बारीक फट दिसतेय म्हणून विचारतोय.

वडगावकर

फिरतेय! पक्कडही नको, बोटानं दाबून धरली तरी थोडी हलते. म्हणजे माझं अवघड झालं ना?

उद्यमबाग_लेथ

अवघड नाही, एक पायरी वाढली. आधी कडी काढायची. पातळ छन्नी कडेच्या फटीत घालून हळूहळू उचकटत जायचं, किंवा डाय ग्राइंडरनं कडीला एका बाजूनं उभा काप द्यायचा आणि छन्नीनं उघडायची. तुमचे नट अलॉयच्या खोल भोकात बसलेत, त्यामुळे मोठा अँगल ग्राइंडर आत जाणारच नाही, कुणी घालायला लागला तर हात धरा. भोकाच्या कडेला पत्र्याचा तुकडा गुंडाळून घालतात, म्हणजे छन्नी घसरली तरी अलॉयला लागत नाही. ओरखडे पडतात ते इथंच, नट काढताना नाही.

कडी गेली की आत एकसंध नट उघडा पडतो. त्यावर मी बारा कोनी गोटी वापरत नाही. उलट्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर सॉकेट मिळतो, आतून मळसूत्रासारख्या धारा असलेला. ठोकून बसवायचा आणि उलटं फिरवायचं. जेवढा जोर लावाल तेवढा तो जास्त चावतो. बारा कोनी गोटी नट कडक असला तर स्वतःच गुळगुळीत होते, आणि मग नटाच्या अंगावर धरायला काहीच उरत नाही.

नेहमीची काळजी: गाडी जमिनीवर, हँडब्रेक, पहिला गिअर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. जॅकवर उचलून असले उद्योग करायचे नाहीत. आणि एक, कुणाला पटेल न पटेल. ज्या चाकाचा लॉकिंग नट हट्टाला पेटलाय त्याचे बाकीचे तीन नट आधी सैल करू नका. उलट थोडे आवळून घ्या. चाक हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) जास्त दाबलं जातं, लॉकिंग नटावरचा ताण तेवढा उतरतो आणि तो लवकर सुटतो. थोडेच आवळा, नाहीतर स्टड (हबचा आट्यांचा दांडा, ज्यावर नट बसतो) ताणला जाईल.

खानापूर_पाऊस

मी तर नेहमी उलट केलं, बाकीचे आधी खोलले. आता कळलं जोर का लागत होता. डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवलं तर?

उद्यमबाग_लेथ

बहुतेक लॉकिंग नट समोरून बंद असतात. तुम्ही मारलेलं तेल तोंडावरच राहतं, आट्यांपर्यंत पोचतच नाही. नट जिथं चाकावर टेकतो त्या फटीतून थोडं झिरपेल तेवढंच. मारा हवं तर, नुकसान नाही. फक्त नवीन नट बसवताना आटे पुसून कोरडे करा. तेलकट आट्यांवर तेवढाच जोर लावला तरी नट प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

तिसरं_गेट

लोकहो, फार विचार करताय. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे जा, नटाच्या तोंडावर एक साधा नट ठेवून वेल्ड मारायचा आणि पान्यानं खोलायचं. टिळकवाडीत माझ्या शेजाऱ्याचं दोन मिनिटांत झालं. उष्णतेनं गंजही सुटतो.

उद्यमबाग_लेथ

दोन मिनिटांत झालं हे नशीब. हे लिहिताना मला थोडा राग येतोय, माफ करा.

वेल्डिंगनं नट निघतो, यात शंका नाही. गुळगुळीत झालेल्या नटाला बऱ्याचदा तोच उपाय उरतो. पण शेजारी हवा भरलेला टायर आहे. रिम तापली की आतलं रबर तापतं, त्यातून पेट घेणारा वायू सुटतो आणि टायर फुटतो. ट्रकच्या चाकांवर वेल्डिंग करताना माणसं गेलेली आहेत. हवा काढून टाकली तरी धोका पूर्ण जात नाही, कमी होतो. म्हणून रिमला वेल्डिंगचा स्पर्श कधीही नाही, आणि नटावर मारायचंच तर व्हॉल्व्हची पिन काढून, टायर पूर्ण रिकामा करून, छोटे छोटे टाके आणि मध्ये मध्ये थांबून. सलग नाही. टायरच्या समोर तोंड करून बसायचं नाही.

बाकीचं: बॅटरीचा निगेटिव्ह काढा. अर्थचा चिमटा त्याच चाकाच्या शेजारच्या नटाला लावा. तो बंपरला किंवा इंजिनला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर डाग पडतात, आणि काही महिन्यांनी चाक घुं घुं करायला लागलं की माणूस टायरला दोष देतो. नटावरचं क्रोम किंवा जस्त आधी घासून टाका. त्याचा धूर छातीला वाईट आणि टाकाही धड धरत नाही. अलॉयवर ओलं फडकं आणि पत्रा. एबीएस असेल तर सेन्सरची वायर कुठून गेलीय ते बघून घ्या.

हे सगळं करणारा कारागीर असेल तर जरूर करा. गेट बनवणाऱ्याकडे गाडी नेऊन "जरा टाका मार" म्हणू नका.

तिसरं_गेट

मान्य. शेजाऱ्याच्या वेळी हवा काढली नव्हती हे आता आठवून अंगावर काटा आला.

गणपत_गल्ली

अजून कुणी विचारलं नाही म्हणून विचारते. वडगावकर, तुमचा टायर ट्यूबलेस असणार. मग पंक्चरसाठी चाक काढायला हवंच कशाला?

चाक गाडीवर ठेवून जॅकनं उचला, साबणाचं पाणी लावत फिरवा. खिळा टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल तर तिथंच वात घालून पंक्चर निघतं, नट उघडायचीही गरज नाही. बुडबुडे व्हॉल्व्हच्या तोंडाशी आले तर व्हॉल्व्हची पिन बदला, तेही चाक न काढता. चाक काढायलाच लागेल अशा जागा दोन. एक, टायर रिमला जिथं बसतो ती कड, जुन्या अलॉयना तिथं पांढरा गंज धरतो. दुसरी, टायरची बाजूची भिंत. तिथं वात घालू नका, टायर बदला.

वडगावकर

काय सांगता! आज संध्याकाळी साबणपाणी मारलं. बुडबुडे व्हॉल्व्हच्या पिनेतून. पिन बदलून घेतली, सकाळपासून हवा जागच्या जागी. पंक्चरवाल्यानं नट बघूनच परत पाठवलं होतं, गळती कुठून आहे हे बघितलंच नव्हतं.

तरी नट काढायचेच आहेत. आंबोलीत टायर फाटला तर काय करणार?

निपाणीचा_पैलवान

गणपत गल्लीकर, मानलं तुम्हाला. आम्ही सगळे हातोडे काढून बसलो होतो.

खानापूर_पाऊस

नट निघाले तरी चाक निघेलच असं समजू नका. आमच्या जांबोटी-कणकुंबी भागात पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. अलॉयचं ॲल्युमिनियम आणि हबचं लोखंड एकत्र ओलं राहिलं की चाक हबला चिकटून बसतं. सगळे नट काढून लाथा मारल्या तरी हलत नाही. अशा वेळी नट परत बोटानं लावायचे, आट्यावर दोनेक फेरे सैल ठेवायचे, गाडी जॅकवरून उतरवून जरा पुढंमागं करायची. वजनानं कड सुटते. नाहीतर गाडी पक्क्या स्टँडवर ठेवून आतल्या बाजूनं टायरवर लाकडी ठोकळ्यानं ठोकायचं. परत बसवताना हबची पाटी तारेच्या ब्रशनं घासा. स्टडला ग्रीस फासू नका.

तिसरं_गेट

सगळे नट काढायच्याच बाजूनं बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या अपार्टमेंटच्या खाली एका गाडीची अलॉय रात्रीत गेली, सकाळी गाडी विटांवर. पोलिसांत दिलं, विम्याकडे गेले. बाहेरून बसवलेले अलॉय पॉलिसीत नोंदवलेलेच नव्हते. मग बसा बोंबलत. त्यानंतर मी लॉकिंग नट बसवले आणि ते काढणार नाही. चावी किल्लीच्या जुडग्यातच आहे.

स्टेपनी_शास्त्री

वर दहा लोकांनी ते कसे काढायचे हे सविस्तर लिहिलंय. चोराला आपल्यापेक्षा जास्त येतं.

तिसरं_गेट

येतं ना. पण त्याला वेळ लागतो आणि आवाज होतो. शेजारच्या गाडीला साधे नट असतील तर तो तिकडे जातो. मला एवढंच पुरे.

गोकाककरीण

हा शेजारधर्म भारी आहे!

खडेबाजार_जुना

मेण किंवा एम-सीलमध्ये नटाचा ठसा घेऊन चावीच बनवून घेतली तर? आपल्याकडे लेथ कमी आहेत का? हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात, एवढीशी चावी बनणार नाही?

उद्यमबाग_लेथ

बनेल. खाच सरळ असेल तर वायरकटवर (विजेच्या तारेनं कापणारं मशिन), वळणाची असेल तर तांब्याचा इलेक्ट्रोड करून स्पार्कवर (ठिणगीनं कोरणारं मशिन). ठसा साबणावर घेऊ नका, काढताना कडा मोडतात. दंतवैद्य वापरतात तसलं ठशाचं रबर चांगलं. साधं ईएन-८ पोलाद घेतलं तर पहिल्याच झटक्याला उंचवटा मुडपेल. ईएन-२४ किंवा ओएचएनएससारखं पोलाद घेऊन हार्डनिंग (भट्टीत तापवून कडक करणं) करायला लागतं. हार्डनिंग जास्त झालं तर उंचवटा काचेसारखा तुटतो आणि तुकडा खाचेत अडकून बसतो. एका चावीपायी डिझाइन, मशिन आणि भट्टी, तिन्ही ठिकाणचा खर्च. चार साध्या नटांची किंमत त्यापुढे काहीच नाही. हौस असेल तर करू.

चावी कशीही मिळाली, नवी, जुनी, बनवलेली, तिच्यावर हवेची गन चालवू देऊ नका. टायरच्या दुकानात पोरगं सवयीनं गन लावतं. गनच्या ठोक्यांनी उंचवटे झिजतात, फुटतात. "चावी हरवली" म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची चावी घरीच असते, पण फुटलेली. लॉकिंग नट हातानंच सोडवायचा, हातानंच आवळायचा.

वडगावकर

अपडेट देतो. उद्यमबागेत गेलो होतो (लेथवाल्या दादांनीच पत्ता दिला, त्यांचे आभार). गाडीचं आरसी बरोबर नेलं, ते त्यांनी आधी मागितलं. योग्यच आहे, नाहीतर कुणाच्याही गाडीचे नट निघतील.

पुढच्या चाकांच्या कड्या छन्नीनं उचकटून काढल्या. एक्स्ट्रॅक्टर बसवला, लांब दांडा लावला आणि नट सरळ बाहेर. बघताना तर काहीच वाटलं नाही. मागे उजवीकडचा मात्र कुणीतरी आधीच ठोकाठोक करून गुळगुळीत करून ठेवला होता. त्याला शेवटी वेल्डिंगच. टायर रिकामा केला, अर्थचा चिमटा शेजारच्या नटाला, ओलं फडकं, वर लिहिलंय तसं सगळं. टाका मारला, थांबले, परत मारला, नट निवू दिला आणि पाना लावला. अलॉयच्या लॅकरवर तांदळाएवढा डाग पडला, चाललं.

आता नवीन नट. दुकानदार म्हणतोय कुठलेही बाराचे चालतील. घेऊ?

गणपत_गल्ली

अजिबात घेऊ नका! मारुतीच्या गाड्यांना आटे १२×१.२५, ह्युंदाई, होंडा, टोयोटाला १२×१.५. व्यास तोच, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळी. चुकीचा नट पहिले एक-दोन फेरे बोटानं जातो, मग घट्ट होतो, आणि माणूस पाना लावून "बसवतोच" म्हणतो. स्टडचे आटे गेले. नवीन नट आधी बोटानं पूर्ण आत जायला हवा, तसा गेला नाही तर थांबायचं.

माथ्याचं मापही बघा. मारुतीला १९ चा पाना, ह्युंदाईला २१ चा. गाडीच्या टूलकिटमधला पाना बसेल असेच नट घ्या, नाहीतर घाटात परत तीच रड.

उद्यमबाग_लेथ

आणि नटाचा बुड. मारुती, ह्युंदाईला तिरपा शंकूसारखा. होंडाच्या कंपनी चाकांना गोलाकार. टोयोटाच्या बऱ्याच कंपनी अलॉयना चपटा, वॉशरवाला. तुमचे अलॉय बाहेरचे आहेत, म्हणजे बुड गाडी बघून नाही, अलॉयचं भोक बघून ठरवायचा. शंकूच्या भोकात गोल बुड बसवला तर नट कडेवरच टेकतो आणि चालता चालता ढिला होतो. हे चावी हरवण्यापेक्षा कितीतरी वाईट. जुना नट बरोबर नेऊन शेजारी धरून बघा.

आवळायचा जोर गाडीच्या मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेला असतो, टॉर्क रेंचनं तेवढाच. पान्यावर उभं राहून नाही. एकाआड एक आवळा, चारच नट असले तरी समोरासमोर. आणि सावंतवाडीला पोचलात की परत एकदा तपासा, नवीन नट पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये थोडे बसतात.

वडगावकर

१२×१.२५, शंकू, १९ चा. मिळाले. जुने बरोबर नेले होते म्हणून बरं, दुकानदारानं पहिल्यांदा १.५ वालेच दिले होते, बोटानं अर्ध्यातच अडकले.

चिकोडी_टीडीआय

धागा वाचून गाडीत बघितलं. फोक्सवॅगन, माझीही चावी गायब! पण माझ्याकडे नट नाहीत, बोल्ट आहेत, वर काळ्या प्लास्टिकच्या टोप्या. हाच उपाय चालेल का?

स्टेपनी_शास्त्री

तुमचं सोपं आहे. टोप्या टूलकिटमधल्या छोट्या आकड्यानं ओढून निघतात. लॉकिंग बोल्टची टोपी जरा वेगळी असते, तिच्यावरून कुठला बोल्ट ते कळतं. कंपनीनंच लावलेला असेल तर ठरावीक नमुन्यांपैकी एक असतो, आणि सर्व्हिस सेंटरकडे सगळ्या नमुन्यांचा संच असतो. त्यातून जुळवून बोल्ट खोलून देतात आणि तुमच्या नमुन्याची चावी मागवताही येते. तोडायची वेळ शक्यतो येत नाही.

साधे बोल्ट १७ च्या पान्याचे, आटे १४×१.५, आवळायचा जोर १२० न्यूटन-मीटर. स्टड नसल्यामुळे शेवटचा बोल्ट काढला की चाक सरळ पायावर येतं. एका भोकात आट्यांची लांब पिन घालून ठेवली तर चाक तिच्यावर टांगून राहतं, परत बसवतानाही भोकं जुळवायची कसरत नाही.

चिकोडी_टीडीआय

धन्यवाद. मग बेळगावला जाऊ की कोल्हापूरला? आम्हाला दोन्हीकडे हायवेनं सारखंच पडतं.

गोकाककरीण

दोन्हीकडे आधी फोन करा आणि संच हजर आहे का एवढंच विचारा. "गाडी घेऊन या, बघू" म्हणाले तर दुसऱ्याला फोन लावा. चावी मिळाली की नंबर कागदावर लिहून घरी ठेवा, गाडीत नको.

निपाणीचा_पैलवान

आणि कोल्हापूरला निघालास तर निपाणीत थांब. माझ्याकडे पण एक नट आहे, तुझ्या गाडीतनं एक्स्ट्रॅक्टर मागवायचाय.